यजमानपदाचा पुढचा अर्ज भरण्याआधी

प्रति,
अध्यक्ष व कार्यकारी समिती,
अखिल भारतीय फुटबॉल महासंघ, नवी दिल्ली

प्रत माहितीसाठी: वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन, मुंबई, क्रीडा व युवक सेवा संचालनालय, महाराष्ट्र राज्य, पुणे

विषय: महिलांच्या मोठ्या स्पर्धेचं यजमानपद पुन्हा मागण्याआधी करायच्या कामांबाबत

महोदय,

२० जानेवारी २०२२ रोजी नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारत आणि इराण यांच्यात महिला आशियाई करंडकाचा सामना झाला. पूर्ण नव्वद मिनिटं खेळून ०-० बरोबरी झाली. आज त्या स्पर्धेचा गुणतक्ता काढून बघा, हा सामना त्यात धरलेला नाही. तीन दिवसांनी चायनीज तैपेईविरुद्ध (म्हणजे तैवानच्या संघाविरुद्ध) उतरायची वेळ आली तेव्हा आपल्या संघात कोविडची लागण इतकी पसरली होती की नियमाला लागणाऱ्या किमान तेरा खेळाडूही उभ्या करता आल्या नाहीत. आशियाई महासंघाच्या कोविड नियमावलीनुसार भारताने माघार घेतली असं धरलं गेलं आणि आधी खेळलेला सामनाही रद्दबातल ठरला. मांडव आपला, पंगत आपल्या दारात, आणि पहिल्या वाढपालाच आपल्याला पानावरून उठावं लागलं.

यात इराणच्या मुलींचंही नुकसान झालं, त्याबद्दल आपल्याकडे फारसं कुणी बोललं नाही. इराण या स्पर्धेत पहिल्यांदाच खेळत होता. पदार्पणातच यजमानांना रोखून मिळवलेला गुण त्यांच्या खात्यातून गेला. चीनकडून ०-७ आणि चायनीज तैपेईकडून ०-५ हे दोन पराभव तेवढे कागदावर उरले.

मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका शाळेत खेळ शिकवते. मुलींचा फुटबॉल संघ माझ्याकडे असतो, म्हणून हे पत्र. तेव्हाचे प्रशिक्षक थॉमस डेनर्बी यांनी हॉटेलातल्या कर्मचाऱ्यांच्या लागणीकडे बोट दाखवलं होतं, आशियाई महासंघाने आपली बाजू मांडली होती. तो वाद उकरून काढायची मला हौस नाही. जानेवारी २०२२ मध्ये जे हुकलं ते कोविडमुळे, हे मी मान्य करते. त्यानंतर जे हुकत आलं आहे, त्याचं खापर मात्र कोविडवर फोडता येणार नाही. पत्र त्याबद्दल आहे.

या स्पर्धेसाठी आधी भुवनेश्वर आणि अहमदाबाद ही नावं होती. प्रवास कमी व्हावा म्हणून २०२१ मध्ये ती बदलून सगळी स्पर्धा महाराष्ट्रात आणली गेली: नवी मुंबई, अंधेरीचं क्रीडा संकुल आणि पुण्याची बालेवाडी. बारा संघ आले. महाराष्ट्राला आयती लॉटरी लागली होती. आता भारताच्या संघाची यादी आठवा. मनीषा कल्याण पंजाबची, प्यारी शाशा ओडिशाची, सुमती कुमारी झारखंडची, इंदुमती तमिळनाडूची, रितू राणी हरियाणाची आणि कर्णधार आशालता देवीसह मणिपूरच्या कितीतरी जणी. ज्या राज्यात तिन्ही मैदानं होती, त्या राज्याचं नाव त्या यादीत शोधत बसावं लागत होतं. ही लाज तुमच्याइतकीच आमचीही आहे. भारतीय महिला लीग २०१७ पासून सुरू आहे. मणिपूर, ओडिशा, तमिळनाडू, केरळ, बंगाल या राज्यांच्या क्लबांनी ती जिंकली. आमचा कोल्हापूर सिटी क्लब त्या लीगमध्ये खेळून गेला आहे, पण महाराष्ट्राच्या एकाही क्लबाने ती जिंकलेली नाही.

आपल्याकडे या खेळाला इतिहास नाही असंही नाही. १९८० च्या जानेवारीत कोझिकोडला ही स्पर्धा झाली तेव्हा यजमान भारताने चक्क दोन संघ उतरवले होते, एक दक्षिणेचा आणि एक उत्तरेचा. त्यातल्या दक्षिणेच्या संघाने अंतिम फेरी गाठली आणि तैवानकडून ०-२ अशी हार पत्करली. १९८३ मध्ये बँकॉकला भारत पुन्हा उपविजेता. त्याच वर्षी शांती मलिक यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. तेव्हा महिलांचा फुटबॉल तुमच्याकडे नव्हताही, त्यांची वेगळी संघटना होती, पैशाची चणचण होती. तरी मुली आशियात दुसऱ्या यायच्या. पुढे कारभार तुमच्याकडे आला. २००३ नंतर भारत या स्पर्धेत दिसला तो थेट २०२२ मध्ये, तोही यजमान म्हणून मिळालेल्या जागेवर. मधली एकोणीस वर्षं कुठे गेली याचा जाब कुणाला विचारायचा, ते तुम्हीच सांगा.

२०२२ मध्ये आपल्या मैदानांवर इतरांनी काय कमावलं तेही पाहू. ३० जानेवारीला बालेवाडीत फिलिपिन्स आणि चायनीज तैपेई यांच्यात उपांत्यपूर्व सामना झाला. १-१ बरोबरीनंतर पेनल्टी शूटआउट. फिलिपिन्सची गोलरक्षक ऑलिव्हिया मॅकडॅनियल हिने पेनल्टी अडवल्या आणि स्वतः एक मारलीही. शेवटची किक सरिना बोल्डनने घेतली आणि फिलिपिन्सचं पहिलं विश्वचषक तिकीट पक्कं झालं. पुढच्या वर्षी वेलिंग्टनमध्ये त्याच बोल्डनने यजमान न्यूझीलंडविरुद्ध गोल केला आणि फिलिपिन्सने विश्वचषकातला पहिला विजय मिळवला. व्हिएतनामचं पहिलं तिकीटही आपल्याकडेच निघालं, नवी मुंबईच्या प्ले-ऑफमध्ये, म्हणजे उरलेल्या जागेसाठीच्या जादा सामन्यांत. दोन देशांच्या मुलींच्या आयुष्यातले सर्वात मोठे दिवस पुणे आणि नवी मुंबईत उजाडले. पुण्यातल्या किती शाळकरी मुलींना ते माहीत आहे? कोविडमुळे प्रेक्षकांना प्रवेश नव्हता, हे ठीक. पण त्या सामन्यांची चित्रफीत पुढच्या वर्षी शाळांमध्ये दाखवायला कुणी अडवलं होतं?

अंतिम सामन्याचं तर नशीबच फुटकं. ६ फेब्रुवारीला चीनने ०-२ अशा पिछाडीवरून भरपाई वेळेतल्या गोलवर दक्षिण कोरियाला ३-२ हरवलं. इतका नाट्यमय शेवट क्वचित बघायला मिळतो. पण त्याच सकाळी लतादीदी गेल्या होत्या. अख्खा महाराष्ट्र शिवाजी पार्ककडे डोळे लावून बसला होता, आणि ते साहजिकच होतं. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात चीनच्या मुलींना कोपरा मिळाला असला तरी नवल.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्रयस्थ, म्हणजे महासंघाबाहेरच्यांच्या, हस्तक्षेपाच्या कारणावरून फिफाने तुमच्या महासंघाला निलंबित केलं. गोकुलम केरळच्या मुली तेव्हा आशियाई क्लब स्पर्धेसाठी ताश्कंदला पोहोचल्या होत्या. त्यांना न खेळताच परत यावं लागलं. खुर्च्यांचं भांडण दिल्लीत आणि शिक्षा ताश्कंदमध्ये. निलंबन अकरा दिवसांत उठलं, ऑक्टोबरमध्ये सतरा वर्षांखालील मुलींचा विश्वचषक आपल्याकडे झालाही. भुवनेश्वरला आपल्या मुली अमेरिकेकडून ०-८, मोरोक्कोकडून ०-३, ब्राझीलकडून ०-५ अशा हरल्या. एका वर्षात दोन यजमानपदं, आणि मुख्य फेरीत आपल्या मुलींच्या नावावर एकही गोल नाही. मुलींना बोल लावणाऱ्यांनी त्यांना त्याआधी किती स्पर्धात्मक सामने मिळाले होते ते मोजावं.

वरच्या ओळीत मोरोक्कोचं नाव आलंच आहे, तर त्यांच्याबद्दल थोडं सविस्तर लिहिते. २०२२ ची आफ्रिकेची महिला अजिंक्यपद स्पर्धा मोरोक्कोने भरवली. त्याआधी ते या स्पर्धेत शेवटचे खेळले होते २००० साली. म्हणजे त्यांची गैरहजेरी आपल्यापेक्षाही लांबलेली. फरक इतकाच की त्यांनी आधी घर सावरलं. २०२० मध्ये त्यांच्या महासंघाने महिलांच्या लीगच्या दोन श्रेणी व्यावसायिक केल्या आणि खेळाडूंच्या पगाराची जबाबदारी उचलली. फ्रान्सच्या लिऑन क्लबला दोनदा महिलांची चॅम्पियन्स लीग जिंकून देणारे रेनाल्ड पेड्रोस प्रशिक्षक म्हणून आणले. मग स्पर्धा. नायजेरियाविरुद्धच्या उपांत्य सामन्याला रबातमध्ये ४५,५६२ प्रेक्षक होते. तो सामना त्यांनी पेनल्टीवर जिंकला, अंतिम फेरीत दक्षिण आफ्रिकेकडून १-२ हरले. पण विश्वचषकाचं तिकीट हाती होतं. २०२३ मध्ये जर्मनीकडून सहा गोल खाऊनही दक्षिण कोरिया आणि कोलंबियाला हरवून त्या बाद फेरीत गेल्या. पुढची आफ्रिकी स्पर्धाही मोरोक्कोतच झाली आणि पुन्हा त्या उपविजेत्या.

मोरोक्कोच्या तिजोरीत पैसा होता, आपल्याकडे नाही, असं कुणी म्हणेल. पण पैशापेक्षा क्रम बघा. त्यांनी दोन वर्षं आधी लीग उभी केली आणि मग पाहुण्यांना बोलावलं. आपण पाहुण्यांना बोलावलं, रंगरंगोटी केली, आणि मुलींना शिबिरात ठेवलं. शिबिराने लीगची जागा भरून निघत नाही. दर आठवड्याला कुणाशी तरी चुरशीने खेळल्याशिवाय बचावपटूला आपण कुठे उभं राहायचं ते कळत नाही, हे मी आठवीतल्या मुलींबरोबरही रोज बघते.

आता आमच्या पातळीवर काय चालतं ते ऐका. शालेय स्पर्धांचं वेळापत्रक पावसाळ्यात लागतं. तालुक्याला मुलींच्या फुटबॉलमध्ये प्रवेशिका असतात मोजक्या. त्यातला एखादा संघ येत नाही, कारण बस मिळाली नाही, किंवा घरच्यांनी पाठवलं नाही, किंवा अकरा मुली जमल्याच नाहीत. मग पंच घड्याळ बघतात, आमच्या मुली मैदानात रांगेत उभ्या राहतात, शिट्टी होते आणि तक्त्यावर लिहिलं जातं: ‘पुढे चाल’. एकही किक न मारता संघ जिल्ह्याला जातो. तिथे पहिल्यांदा खरा विरोधक भेटतो, तो अशा शाळेचा असतो जिथे गवताचं मैदान आणि वेगळा प्रशिक्षक आहे, आणि वीस मिनिटांत पाच गोल होतात. माझी गोलरक्षक त्या दिवशी मध्यंतराला येऊन म्हणाली, “मॅडम, त्यांची ती सात नंबर कुठून मारते तेच दिसत नाही.” तिला दिसणार कसं? तिच्या दिशेने तितक्या जोरात आलेला चेंडू तिने त्याआधी पाहिलाच नव्हता.

बूट हा आणखी एक विषय. स्टड एका मुलीचे असतात आणि तिघी घालतात, त्यामुळे बदली खेळाडू आत जाताना रेषेबाहेर बसून बुटांची अदलाबदल चालते. २०१७ च्या मुलांच्या सतरा वर्षांखालील विश्वचषकाआधी राज्यभरच्या शाळांना फुटबॉल वाटले होते, दहा लाख मुलांना एका दिवशी खेळवायचा उपक्रम होता. कल्पना छान होती, त्या दिवशी आमच्या अंगणातही मजा आली. पण चेंडू झिजणारी वस्तू आहे. एक दिवसाच्या उत्सवाने दुसऱ्या वर्षीचा चेंडू येत नाही.

आणि दहावी. खेळाच्या सवलतीच्या गुणांसाठी का होईना, मुली दहावीपर्यंत टिकतात. गुण मिळाले की फुटबॉल संपला. मी अडवत नाही, कारण अडवून देणार काय? अकरावीतल्या मुलीला खेळायला जिल्ह्यात लीग लागते. कोल्हापुरात फुटबॉल काय आहे हे तुम्हाला सांगायला नको. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार हे संघ समोरासमोर आले की पेठा रिकाम्या होतात. इतका मुरलेला खेळ ज्या गावात आहे, तिथल्या मुलीने सोळाव्या वर्षी बूट काढून ठेवावेत, याला मुलींची नावड म्हणू नका.

तुम्ही काहीच केलं नाही असं मी म्हणत नाही. महिला लीगच्या सामन्यांना घरचं-बाहेरचं स्वरूप दिलंत. क्लबांनी किमान दहा भारतीय खेळाडूंशी वर्षाला किमान ३.२ लाख रुपयांचे करार करावेत, ही अट आणलीत. महिन्याला ते साडेसव्वीस हजारांच्या आसपास पडतात. फार नाहीत, पण घरी सांगता येईल असा आकडा आहे, आणि आमच्याकडे ‘घरी काय सांगायचं’ हाच पहिला प्रश्न असतो. जुलै २०२५ मध्ये चियांग माईला संगीता बासफोरच्या दोन गोलांवर आपण थायलंडला २-१ हरवलं. क्रमवारीत थायलंड ४६ वा, आपण ७० वे. पात्रता फेरी खेळून आशियाई करंडक गाठण्याची ही आपली पहिलीच वेळ होती. यजमानपदाची कुबडी न घेता त्या गेल्या. तो निकाल मी दुसऱ्या दिवशी परिपाठाच्या वेळी फळ्यावर लिहिला, आणि संगीता कोण हे सांगायला मला दहा मिनिटं लागली.

स्मृती मानधना कोण हे मात्र सांगावं लागत नाही. २ नोव्हेंबर २०२५ ला त्याच डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारतीय मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून क्रिकेटचा विश्वचषक जिंकला. मैदान तेच, यजमान आपणच. सांगलीची पोर सलामीला होती. क्रिकेटशी बरोबरी करू नका असं लगेच सांगितलं जाईल. मी पैशाची बरोबरी करत नाहीच. पण तिथेही आधी सामन्याचं मानधन पुरुषांइतकं झालं, मग २०२३ मध्ये लीग आली, ती याच मैदानावर सुरू झाली, आणि मग करंडक आला. क्रम पुन्हा तोच.

इंग्लंडच्या मुलींनी २०२२ ची युरो स्पर्धा मायदेशी जिंकली. वेम्बलीवर ८७,१९२ लोक होते. जल्लोष उतरायच्या आत त्या तेवीस खेळाडूंनी पंतप्रधानपदाच्या दोन्ही उमेदवारांना खुलं पत्र लिहिलं: प्रत्येक शाळेत मुलींना फुटबॉल खेळायला मिळालाच पाहिजे. पुढच्या मार्चमध्ये सरकारने शालेय खेळांसाठी ६० कोटी पौंडांची घोषणा केली, त्यात मुलींना समान संधीची हमीही होती. त्या विजेत्या होत्या, त्यांचं पत्र वाचलं गेलं. माझं कुणी वाचेल की नाही कोण जाणे, पण प्रथा चांगली आहे.

२०३० चे राष्ट्रकुल खेळ अहमदाबादला होणार आहेत, २०३६ च्या ऑलिंपिकची स्वप्नं बघितली जात आहेत. या वातावरणात महिला फुटबॉलची एखादी मोठी स्पर्धाही तुम्ही मागाल. जरूर मागा. पण अर्जासोबत तीच जुनी कागदपत्रं जोडू नका. स्टेडियमचे फोटो आणि हॉटेलांची यादी सगळेच देतात. आपल्या महिला संघाचं स्पर्धेआधीच्या दोन वर्षांचं सामन्यांचं वेळापत्रक त्यात असू द्या, तारखांसकट. ज्या राज्यात सामने होणार, तिथल्या जिल्ह्यांमध्ये सोळा ते वीस वयाच्या मुलींची लीग स्पर्धेच्या दोन वर्षं आधी सुरू होईल आणि नंतर निदान तीन वर्षं चालेल, इतका निधी वेगळा काढा. त्याचा हिशेब दरवर्षी जाहीर करा. राज्य सरकार मैदान देतं तेव्हा त्याने हीच अट घालावी, म्हणून संचालनालयाला प्रत पाठवली आहे. प्रशिक्षकांच्या डी-परवान्याचे वर्ग जिल्ह्याच्या ठिकाणी, सुट्टीत आणि महिलांसाठी राखीव जागांसह घ्या. माझ्यासारख्या शिक्षिकेला भर सत्रात बाहेरगावी जाऊन राहणं जमत नाही, आणि परवाना नसलेल्या बाईंच्या हाती मुली सोपवायला पालक दोनदा विचार करतात. २०२२ च्या बायो-बबलमध्ये, म्हणजे संघांना बाहेरच्यांपासून वेगळं ठेवण्याच्या व्यवस्थेत, नेमकं काय चुकलं, याचा अहवालही संकेतस्थळावर सर्वांना वाचता येईल असा ठेवा. पुढच्या वेळी साथ नसेल, दुसरं काही असेल, पण मैदानात उतरवायच्या तेरा मुलींची काळजी आधी घेतली जावी.

हे सगळं व्हायला वेळ लागेल याची कल्पना आहे. म्हणून एक काम असं सांगते, ज्याला निविदा लागत नाही. दरवर्षी जानेवारीत भारतीय महिला संघाचा एक आंतरराष्ट्रीय सामना नवी मुंबई किंवा बालेवाडीत ठेवा. जमल्यास पहिल्या वर्षी इराणला बोलवा, त्यांचाही हिशेब बाकी आहे. शाळांच्या मुलींना प्रवेश मोफत असू द्या, आणि तारीख ऑक्टोबरपर्यंत कळवा, कारण एसटीची बस आगाऊ ठरवावी लागते, सहामाही संपली की सहलीच्या परवानग्यांची गर्दी होते आणि पालकांची संमतीपत्रं गोळा करायला पंधरवडा जातो. बसभाड्याचं आम्ही बघू.

आपली,
एक क्रीडाशिक्षिका
कोल्हापूर जिल्हा